शाबितीचा भार कुणावर?

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की श्रोते पानिपताची, निदान एखाद्या किल्ल्याच्या वेढ्याची तरी अपेक्षा करतात. त्यांची आज थोडी निराशा होणार आहे. आम्ही ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत तो एका लहानशा खोलीत घडतो. कारखान्याच्या कचेरीमागची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीलगत एक बाक. टेबलामागे चौकशी अधिकारी, त्याच्या शेजारी कंपनीचा माणूस, आणि बाकावर ज्याच्यावर आरोप आहे तो कामगार. या खोलीत पहिल्याने तोंड कुणी उघडायचे, एवढाच आमचा प्रश्न आहे. प्रश्न दिसतो लहान; पण तो सुटायला आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि ज्यांच्यापुरता तो अजून सुटलेला नाही असे लोक आजही आमच्या युनियनच्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसतात.

आम्ही वकील नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकणे झाले ते संध्याकाळी, कचेरीत, रद्दीच्या दुकानातून वजनावर आणलेल्या कायद्याच्या पुस्तकांवर. इंग्रजी आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. त्यामुळे आमचे उच्चार चुकतील, पण तारखा सहसा चुकणार नाहीत. कारण या धंद्यात तारीख चुकली की माणसाची भाकरी जाते.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे एका हेल्परच्या जेवणाच्या डब्यात, सुटीच्या वेळी फाटकावर, दोन पितळी बुश सापडले. बुश म्हणजे यंत्राच्या दांड्याभोवती बसवतात ती आखूड नळी. भंगारात तिचे काही रुपये येतात. त्याला आरोपपत्र मिळाले आणि अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करण्यास सांगण्यात आले. तो आमच्याकडे आला. आम्हीही तेव्हा कोवळेच होतो. त्याने सांगितले ते आम्ही लिहून काढले: डबा दिवसभर खिडकीत असतो, तिथे सगळ्यांचा हात पोचतो, बुश कुणी ठेवले ते ठाऊक नाही. आणि अर्जाच्या अखेरीस लिहायची रीतच असते म्हणून आमच्या हाताने आम्ही एक ओळ लिहिली: "तरी माझ्याकडून काही चूक झाली असल्यास क्षमा असावी."

चौकशीच्या दिवशी आम्हाला आत बसू दिले नाही. अशा चौकशीत युनियनच्या माणसाला बसण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० सालीच सांगून ठेवले होते. नंतर चौकशीचे कागद आमच्या हाती आले. नऊ पाने होती. पहिलाच प्रश्न कामगाराला: "बुश तुमच्या डब्यात कसे आले ते सांगा." उत्तर: "मला माहीत नाही, साहेब." दुसरा प्रश्न: "माहीत नाही, तर माफी कशाची मागितली?" पुढे सगळी नऊ पाने त्या एकाच माणसाची. ज्या पहारेकऱ्याने डबा उघडला त्याचे नाव कागदात होते, पण तो खोलीत आलाच नाही. अहवालाचा शेवट असा: "कामगारास समाधानकारक खुलासा करता आला नाही. सबब आरोप शाबीत." अकरा वर्षांची नोकरी त्या 'सबब' शब्दावर गेली, आणि त्यात आमच्या एका ओळीचा वाटा होता.

न्यायाची जुनी रीत याच्या नेमकी उलट आहे. जो एखादी गोष्ट घडली म्हणतो त्याने ती दाखवावी, नाही म्हणणाऱ्यावर तो भार नाही, हे रोमन कायदेपंडित पाउलस याने अठराशे वर्षांपूर्वी सांगितले. आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातही, दावा आणणाऱ्याने आपल्या म्हणण्याचे साधन ताबडतोब लिहवून द्यावे, असेच आहे. इंग्रजांनी १८७२ साली पुराव्याचा कायदा केला तेव्हा हेच तत्त्व कलम १०१ मध्ये घातले. २०२४ च्या जुलैत त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी तत्त्व बदललेले नाही. यामागचे शहाणपण कुणालाही समजेल असे आहे. 'चोरी केली' हे दाखवायला एक साक्षीदार पुरतो. 'चोरी केली नाही' हे दाखवायचे तर माणसाने काय करावे? दिवसाचा क्षण न् क्षण उलगडून दाखवावा?

याला एक अपवादही त्याच कायद्यात आहे, आणि तो न्याय्य आहे. एखादी गोष्ट केवळ एकाच माणसाला ठाऊक असण्यासारखी असेल तर ती त्यानेच दाखवावी. कायद्याने उदाहरण दिले आहे ते रेल्वेच्या उतारूचे: विनातिकीट प्रवासाचा आरोप असेल तर तिकीट होते हे उतारूने दाखवायचे. तिकीट त्याच्याच खिशात असणार, तेव्हा यात अन्याय काही नाही. पण श्रोत्यांनी हा अपवाद ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटेल, आणि दर वेळी तो कामगाराच्याच विरुद्ध जातो असेही नाही.

आता, ही रीत इतकी जुनी होती तर ती कारखान्यात का नव्हती? याचे उत्तर असे की कारखान्याच्या फाटकाच्या आत न्यायच नव्हता, करार होता. धनी आणि चाकर यांचा करार. धन्याला चाकर नको झाला, त्याने नोटिशीचा पगार दिला, संपले. कारण सांगायचे नाही, म्हणून शाबीत करायचे नाही. उलट दिशेने मात्र हिशेब निराळा होता. १८५९ साली सरकारने कामगारांच्या करारभंगाचा कायदा केला. उचल घेतलेला कारागीर किंवा मजूर काम टाकून गेला तर मॅजिस्ट्रेट त्याला पैसे परत करण्याचा नाहीतर काम पुरे करण्याचा हुकूम देई, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. धन्याने करार मोडला तर फार तर दिवाणी दावा. मजुराने मोडला तर तुरुंग. हा कायदा १९२५ साली रद्द करण्याचे ठरले, म्हणजे तो पासष्ट वर्षांहून अधिक चालला.

मुंबईच्या गिरण्यांत तर धन्यापर्यंत गोष्ट पोचतच नसे. कामावर घेणारा जॉबर आणि काढणाराही जॉबरच. त्याला दस्तुरी देऊन माणूस आत येई आणि त्याची मर्जी गेली की बाहेर. १९३१ साली मजूरविषयक रॉयल कमिशनने, ज्याला लोक व्हिटले कमिशन म्हणतात, जॉबरच्या हातची ही सत्ता काढून घ्यावी अशी शिफारस केली. परंतु कामगारांनी हा विषय त्याआधीच रस्त्यावर आणला होता. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणगाव बंद होते. त्या संपाची कारणे सांगताना लोक पगारकपात आणि दोनऐवजी तीन साचे चालवण्याची सक्ती एवढीच सांगतात. पण संप मिटल्यावर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती बसली तिच्यापुढे गिरणीमालक संघाने केलेले स्थायी नियमही होते. हजेरी, रजा, शिक्षा, काढून टाकणे, सगळे त्या नियमांत. नियम एकट्या मालकाने करायचे की दोघांनी मिळून, हा वाद पहिल्यांदाच इतक्या उघडपणे टेबलावर आला. आमच्या मते त्या संपाची ही कमाई पगाराच्या कमाईहून टिकाऊ ठरली.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९३६ साली पगार देण्याविषयीचा कायदा झाला. गिरणीत दंडाचा सुळसुळाट होता, त्याला आळा घालायचा होता. कायद्याने सांगितले की दंड कोणकोणत्या कसुरीबद्दल करणार त्याची यादी आधी लावा, रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त दंड करू नका, आणि कामगाराला आपले म्हणणे मांडू दिल्याशिवाय दंड करूच नका. म्हणजे पंधरा रुपये पगाराच्या माणसाचे साडेसात आणे कापायचे तर त्याचे ऐकून घ्यायला हवे. पण त्याचे पंधराच्या पंधरा रुपये कायमचे बंद करायचे तर मालकाला ऐकून घेण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने घातलेले नव्हते. सरकारी नोकराची गोष्ट वेगळी. त्याला १९३५ च्या राज्यकारभाराच्या कायद्याने कारण दाखवण्याची संधी मिळाली होती, आणि तीच पुढे आपल्या घटनेच्या कलम ३११ मध्ये आली. गिरणीतला माणूस सरकारचा नव्हता.

१९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचा कायदा केला. संपावर बंधने घालणारा म्हणून कामगारांनी त्याला काळा कायदा म्हटले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. त्या संपाची बाजू बरोबरच होती असे आम्ही मानतो. पण त्याच काळ्या कायद्याच्या पोटात मालकांनी स्थायी आदेश मजूर आयुक्तांकडून मंजूर करून घ्यावेत अशी तरतूद होती, हेही नाकारता येत नाही. इतिहासात अशी सरमिसळ फार असते. पुढे १९४६ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत होते त्या काळात, शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी स्थायी आदेशांचा कायदा सबंध देशाला लागू झाला. आदेश कामगारांच्या भाषेत छापून फाटकाजवळ फळ्यावर लावायचे, असे त्यात होते. अनेकांनी ते लावले. उन्हापावसाने त्यांचा रंग गेला, तरी आमच्यासारख्यांनी वाचायला सुरुवात केली ती त्या फळ्यांवरूनच.

या कायद्याबरोबर जो नमुन्याचा मसुदा आला त्यात बडतर्फीविषयी एक वाक्य होते. त्याचा भावार्थ असा की, कामगाराला गैरवर्तनाचा आरोप लेखी कळवल्याखेरीज आणि त्याविषयी खुलासा करण्याची संधी दिल्याखेरीज त्याला बडतर्फ करू नये. केवढी मोठी गोष्ट! जॉबरच्या शिवीपासून लेखी आरोपापर्यंत माणूस येऊन पोचला. पण शब्द पाहा: खुलासा. खुलासा कोण करतो? ज्याच्याविषयी संशय आधीच पक्का झाला आहे तो. आरोप मालकाने शाबीत करावा असे त्या वाक्यात कुठेही नव्हते. मालकांनी त्याचा सोयीचा अर्थ घेतला: आम्ही आरोप लिहितो, तुम्ही खुलासा करा, तो आम्हाला पटला नाही की झाले. आमच्या हेल्परची नऊ पाने या एका शब्दातून निघाली होती. कायदा तोवर पुढे गेला होता. त्या खोलीतली सवय मात्र १९४६ मध्येच बसून राहिली होती.

शाबितीचा प्रश्न निघायचा तर आधी कुणीतरी वरून तपासायला हवे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने न्यायाधिकरणे आली. त्यांना काढलेल्या माणसाला पुन्हा कामावर घ्या असे सांगता येते काय? कराराच्या जुन्या कायद्यात हे बसेना. नको असलेला चाकर धन्याच्या गळ्यात बांधता येत नाही, फार तर नुकसानभरपाई द्यावी, अशी ती शिकवण. मुंबईच्याच वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या खटल्यात १९४९ साली फेडरल कोर्टाने सांगितले की, घेता येते. औद्योगिक न्यायाधिकरण कराराला चिकटून बसण्यासाठी नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दोन वर्षांत झालेल्या या निकालाला आमच्या चळवळीत जितका मान मिळायला हवा तितका मिळालेला नाही.

पण एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने अडवले गेले. १९५० साली मजूर अपील न्यायाधिकरण स्थापन झाले. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या प्रकरणात त्याने मर्यादा घातली, आणि १९५७ साली इंडियन आयर्न अँड स्टीलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीच उचलून धरली. मालकाने चौकशी करून कामगाराला दोषी ठरवले असेल तर न्यायाधिकरणाने अपिलासारखा पुरावा पुन्हा तोलायचा नाही. हात घालायचा तो चारच कारणांनी: मालकाचा हेतू शुद्ध नव्हता, सूड किंवा अनुचित वागणूक होती, नैसर्गिक न्याय मोडला किंवा मुळातच मोठी चूक झाली, किंवा निष्कर्षाला काही आधारच नव्हता. याचा व्यवहारात अर्थ काय झाला तो पाहा. चौकशीचा कागद एकदा तयार झाला की मालकाला आणखी काही शाबीत करायचे उरत नाही. आता मालकाचा हेतू वाईट होता, हे कामगाराने शाबीत करायचे! पाच साक्षीदार आणून चोरी शाबीत करणे सोपे. साहेबाच्या मनातला सूड कोणत्या साक्षीदाराने पाहिलेला असतो?

तेव्हा उरला तो तिसरा दरवाजा, नैसर्गिक न्यायाचा. त्यातून कामगार आत शिरले ते १९६३ साली. त्या वर्षीच्या 'लेबर लॉ जर्नल'चा दुसरा खंड आम्हाला एका बंद पडलेल्या ग्रंथालयाच्या लिलावात मिळाला. त्याच्या ३६७ व्या, ३९२ व्या आणि ३९६ व्या पानांवर सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल सुरू होतात. तीस-चाळीस पानांची ही पट्टी. आमच्या प्रतीत ती बोटांनी काळी पडली आहे.

पहिला सूर एनॅमल कारखान्याचा. त्यात चौकशी कशाला म्हणावे हे सांगितले: आरोप स्पष्ट कळवलेला असावा, साक्षीदार कामगाराच्या समोर तपासलेले असावेत, त्याला उलटतपासणी करू द्यावी, त्याला स्वतःचे साक्षीदार आणू द्यावेत, आणि निष्कर्ष कारणांसह लिहावा. दुसरा बंगालमधल्या मीनग्लास चहामळ्याचा. तिथे चौकशी म्हणून काय केले होते? एकेका मजुराला बोलावून प्रश्न विचारले. आरोपाच्या बाजूने एकही साक्षीदार त्याआधी तपासला नव्हता. न्यायालय म्हणाले की ज्याला आरोपाला उत्तर द्यायचे आहे त्याला आरोप तर कळला पाहिजेच, पण तो कोणाच्या कोणत्या साक्षीवर उभा आहे हेही कळले पाहिजे. तिसरा असोसिएटेड सिमेंटचा. तो लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, आपल्या साताऱ्याच्या माणसाने. तिथेही कामगाराचीच तपासणी आधी झाली होती. त्यांनी क्रमच घालून दिला: आधी मालकाने आपला पुरावा द्यावा, मग कामगाराने उलटतपासणी करावी, आणि त्यानंतर, तेव्हाच, त्याला विचारावे की तुला काही सांगायचे आहे काय.

श्रोतेहो, आम्ही सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर. पहिल्याने तोंड मालकाने उघडायचे. यात शाबितीचा भार हे शब्द फारसे येत नाहीत, क्रमाचीच चर्चा आहे. पण भार कुणावर आहे हे त्या क्रमावरूनच ठरते. ज्याला आधी बोलावे लागते त्याच्याजवळ काही असावे लागते.

त्याच १९६३ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने नोकरी संपुष्टात आणण्याविषयी आपली ११९ क्रमांकाची शिफारस केली. तिचा आधार घेऊन आपल्या संसदेने औद्योगिक विवाद कायद्यात ११-अ हे कलम घातले, आणि १५ डिसेंबर १९७१ पासून ते अंमलात आले. फायरस्टोन टायर कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला की आता न्यायाधिकरण स्वतः पुरावा तोलू शकते आणि शिक्षा जबर वाटली तर कमीही करू शकते. मात्र मालकालाही एक सवलत राहिली. चौकशी सदोष ठरली किंवा केलीच नाही, तरी त्याला न्यायाधिकरणापुढे नव्याने पुरावा देऊन आरोप शाबीत करता येतो. आमच्या सोबत्यांना हे आवडत नाही. आम्हाला ते तितके वाईट वाटत नाही. कारण खरोखर चोरी झाली असेल तर केवळ कागद चुकला म्हणून चोराने कामावर यावे, असे आम्ही कधी म्हटलेले नाही. चोरी करून सुटलेले लोकही आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्यातल्या एकदोघांचे खटले आम्हीच चालवले आहेत.

आमच्या हेल्परच्या खटल्यात आम्ही ३९२ वे पान पुढे केले. मजूर न्यायालयाने चौकशी रद्द ठरवली. कंपनीने नव्याने पुरावा देण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. मग प्रश्न आला पहारेकऱ्याचा. पहारा ठेकेदाराकडे होता, ठेकेदार बदलला होता, माणूस गावी गेला होता. तारखा पडत गेल्या. माफीच्या ओळीवर कंपनीच्या वकिलांनी बराच जोर दिला. न्यायाधीशांनी एवढेच म्हटले की अर्जातला शिष्टाचार म्हणजे कबुली नव्हे. आठव्या वर्षी निकाल आमच्या बाजूने लागला. तोपर्यंत त्याचे निवृत्तीचे वय उलटून गेले होते. निम्मा मागील पगार मिळाला. पैसे घ्यायला आला तेव्हा त्याने विचारले, "पण मी चोरी केली नाही असं लिहिलंय का त्यात?" तसे लिहिलेले नव्हते. आरोप शाबीत झाला नाही, असे लिहिलेले होते. दोन्ही एकच, हे आम्ही त्याला समजावून सांगितले. त्याला ते पटलेले दिसले नाही. तेव्हापासून क्षमेची ती ओळ आम्ही कुणाच्या खुलाशात येऊ दिलेली नाही.

मालकांच्या बाजूचे एक म्हणणे मात्र मोकळेपणाने ऐकले पाहिजे. कारखाना म्हणजे कोर्ट नव्हे. सोबतचे कामगार साक्ष द्यायला येत नाहीत, आणि फौजदारीतल्यासारखा संशयातीत पुरावा मागितला तर शिस्त कशी राहणार? यावर न्यायालयांनी मधला मार्ग काढला की इथे संभवाचे पारडे ज्या बाजूला झुकेल तेवढे पुरे. हरियाणाच्या एका बस कंडक्टरच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. फिरत्या पथकाला पैसे दिलेले पण तिकीट न मिळालेले उतारू सापडले. त्या उतारूंच्या जबान्या घेतलेल्या नव्हत्या. न्यायालय म्हणाले, पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम इथे लागत नाहीत. समंजस माणसाला पटेल असा काही पुरावा हवा, तो तपासनीसाच्या साक्षीत आहे. या निकालाने राज्याराज्यांतल्या किती कंडक्टरांची नोकरी गेली असेल याचा हिशेब नाही. तरी आम्ही कबूल करतो की भरल्या एस.टी.तले उतारू चौकशीला कुठून आणायचे, या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नाही. आमचे म्हणणे इतकेच की निदान तपासनीस तरी खोलीत यावा, आणि त्याला कंडक्टरचे प्रश्न ऐकावे लागावेत. ज्या चौकशीत कंपनीचा माणूस कायदेपंडित असेल तिथे कामगारालाही वकील नाकारता येणार नाही, हे १९८२ च्या अखेरीस मुंबई बंदराच्या खटल्यात मान्य झाले. तेही उशिराच.

आतापर्यंतची कथा ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याची. ज्याचे नाही त्याची कथा वेगळी आहे, आणि आता आमच्याकडे येणाऱ्यांत तेच अधिक. वर्षातले २४० दिवस काम केले असेल तर कामावरून कमी करण्यापूर्वी नोटीस आणि भरपाई द्यावी लागते, असा कायदा. ठेक्यावरचा, रोजंदारीचा माणूस म्हणतो, मी केले. मालक म्हणतो, हा आमचा नव्हेच. शाबीत कुणी करायचे? इथे जुना नियम फिरून कामगाराच्या अंगावर आला: जो 'आहे' म्हणतो त्याने दाखवावे. कर्नाटकातल्या वनखात्याच्या एका खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भार कामगारावर, आणि त्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. पगारपत्रक आणावे, नेमणुकीचा कागद आणावा. रोजंदारीच्या माणसाला नेमणुकीचा कागद कोण देतो? २००५ साली त्याच न्यायालयाने थोडी उसंत दिली. भार कामगारावरच, पण त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन सांगावे, आणि मालकाकडून हजेरीपट व पगारवह्या मागवून घ्याव्यात. आम्ही मघाशी सांगितलेला रेल्वेच्या तिकिटाचा न्याय इथे का लावू नये, हे आम्हाला आजवर कळलेले नाही. तिकीट उतारूच्या खिशात असते म्हणून ते त्याने दाखवायचे. मग हजेरीपट ज्याच्या कपाटात असतो त्याने तो का दाखवू नये?

हाच न्याय एका ठिकाणी लागला, हे सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ साली प्रश्न होता मागील पगाराचा. काढल्यानंतरच्या वर्षांत ती दुसरीकडे कमावत नव्हती, हे कुणी दाखवायचे? न्यायालय म्हणाले की तिने तसे सांगितले म्हणजे पुरे. कमावत होती असे संस्थेचे म्हणणे असेल तर ते संस्थेने शाबीत करावे, कारण 'नाही' शाबीत करायला लावता येत नाही. १९८२ च्या जिनिव्हाच्या करारात, म्हणजे १५८ क्रमांकाच्या, शाबितीचा भार एकट्या कामगारावर टाकू नये असे स्पष्ट आहे. आपल्या देशाने त्याला मंजुरी दिलेली नाही. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली तिने स्थायी आदेशांच्या सक्तीसाठी शंभरांची मर्यादा तीनशेवर नेली आहे. दोनशे माणसांच्या कारखान्यात फाटकाजवळ फळा लावण्याचे बंधन त्या संहितेने ठेवलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात एक मनुष्य आमच्याकडे आला. ठेकेदाराच्या नावावर एका कारखान्यात सहा वर्षे सफाईचे काम केलेला. ठेका बदलला आणि याला फाटकावर अडवले. "तू इथे होतास कशावरून?" असे त्याला पहिल्याच तारखेला विचारण्यात आले. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक एक वस्तू आमच्या टेबलावर मांडली. बसचे जुने पास. रंग उडालेली दोन गेटपासची कार्डे, त्यांवर तारीख नाही. आणि एक फोटो: दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली त्या दिवसाचा. यंत्राला झेंडूची माळ, पुढे साहेब, मागे कामगार, आणि अगदी कडेला, हातात प्रसादाचा द्रोण घेतलेला हा. आम्ही भिंग घेऊन तो फोटो पाहत बसलो. मागच्या भिंतीवर कॅलेंडर होते. वर्षाचा आकडा एका माणसाच्या डोक्याआड गेला होता, पण महिना आणि वारांच्या रांगा दिसत होत्या. त्यावरून वर्ष काढता आले. फोटोत शेजारी उभ्या असलेल्यांपैकी दोघे कायम कामगार आहेत. साक्षीला येतो असे एकाने सांगितले आहे. दुसरा बायकोला विचारून सांगणार आहे.

ठेकेदाराकडची आणि कारखान्याच्या फाटकावरची सहा वर्षांची हजेरी हजर करावी, म्हणून आम्ही अर्ज दिला आहे. त्यावर दोघांनीही मुदत मागून घेतली आहे.